उतरणावळ

लोकांना वाटतं, विमानतळावरच्या काउंटरमागे बसलेल्या माणसाचं काम प्रवाशांना विमानात बसवण्याचं असतं. ते काम कुणीही करील. शिडी लावलेली असते, दार उघडं असतं, माणसं आपली आपण चढतात. माझं काम उलटं होतं. तिकीट काढून, ठेवणीतले कपडे घालून, घरच्यांच्या पाया पडून आलेल्या माणसाला मी विचारायचो, "आज तुम्ही राहता का?" आणि त्यानं हसत हसत हो म्हणायचं. कोल्हापुरात चार-पाच वर्षं मी हे केलं, आणि खरं सांगायचं तर त्या कामाची मला चटक लागली होती. रोज परीक्षा, रोज निकाल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उजळाईवाडीच्या माळावर तेव्हा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याच्या छपराची एक मोठी खोली, दोन लांब बाकडी आणि कुरकुरणारा एक पंखा. आमची कंपनी लहान होती. आता ती राहिलेली नाही. विमानही लहानच, दोन पंख्यांचं, अठरा आसनांचं. आठवड्यातून तीन दिवस ते मुंबईहून यायचं आणि तासाभरानं मुंबईला परत जायचं. स्टेशनवर आम्ही तिघं: मॅनेजरसाहेब, सामान चढवणारा बंडू आणि मी. माझं नाव सिकंदर. आमच्या घरात तीन पिढ्या शिवणकाम. टाय बांधून नोकरीला जाणारा मी पहिलाच. वडिलांनी तो टाय बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, "ह्या कापडाचा उपयोग काय, ते सांग की."

अठरा जागांच्या विमानाला वीस माणसं कशी जमतात, हे मला लग्नकार्यात हमखास विचारलं जायचं. त्याची कारणं दोन. तिकिटं मुंबईच्या ऑफिसात विकली जायची आणि आमच्या गावातल्या ऑफिसातही. फोन लागला तर दोन याद्या जुळायच्या, नाही लागला तर नाही. शिवाय तिकीट काढून न येणारे महाभाग असतातच, म्हणून कंपनी मुद्दाम एकदोन तिकिटं वरकड विकायची. दुसरं कारण ऊन. तापलेली हवा पातळ होते, ती विमानाला नीट उचलून धरत नाही. तेवढ्याच धावपट्टीवरून उडायचं तर वजन कमी करावं लागतं. मे महिन्यात कॅप्टन खाली उतरायचा, टोपीनं वारा घेत आत यायचा आणि म्हणायचा, "आज पंधरा." मग राहिलेल्यांचं काय करायचं ते मी बघायचं.

वजन अंदाजानं धरून चालायचं नाही, म्हणून आमच्याकडे काटा होता. गुळाच्या एका अडत्याकडून जुना घेतलेला. त्याच्यावर पूर्वी गुळाचे रवे चढायचे, आमच्याकडे माणसं चढायची, हातातल्या पिशवीसकट. उद्यमनगरातले मोठमोठे कारखानदार मी त्या काट्यावर उभे केलेत. आकडा मी मोठ्यानं वाचत नसे. तेवढी अदब पाळली म्हणून पुष्कळांनी मला लक्षात ठेवलं.

आपखुशीनं उतरणाऱ्याला कंपनी दोन गोष्टी द्यायची. त्याच तिकिटावर पुढच्या एखाद्या विमानात पक्की जागा, आणि शिवाय एक गुलाबी कूपन. त्या कूपनावर मुंबईला जाण्याची एक फेरी फुकट. वर्षाच्या आत, धारकानं स्वतः करावी किंवा तो सांगेल त्यानं करावी. कागद चांगला होता, पण नुसता कागद दाखवून कुणी उतरत नाही. विचारण्याची एक रीत असते. चहा यायच्या आधी विचारायचं. चहा पोटात गेला की माणूस जागेला चिकटतो. कुणा एकाकडे बघून विचारायचं नाही, नाहीतर तो म्हणतो, मीच का? भिंतीकडे बघून विचारायचं आणि विचारून झालं की गप्प राहायचं. त्या शांततेत पहिला हात वर येतो. पहिला हात महत्त्वाचा. दुसरा त्याच्यामागून येतोच.

पण एकदा तो पहिला हात काही केल्या येईना, आणि तिथून ही हकीगत सुरू होते.

शनिवार होता. सगळ्या जागा भरलेल्या. तेवढ्यात कागलकडचा एक तरुण धापा टाकत आला. जहाजावर स्वयंपाकी म्हणून त्याला पहिली नोकरी लागली होती आणि जहाज त्याच संध्याकाळी मुंबईहून सुटणार होतं. तिकीट खरं होतं, मुंबईच्या ऑफिसातलं. पण आमच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मी उभा राहिलो, भिंतीकडे बघून विचारलं. शांतता. पुन्हा विचारलं. एकानं वर्तमानपत्र उघडलं, एक जण बुटाची नाडी बांधू लागला. तो पोरगा नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता.

कोपऱ्यातल्या बाकड्यावर हिरव्या लुगड्यातली पन्नाशीची एक बाई बसली होती. मांडीवर पितळी डबा.

"जहाज किती वाजता सुटतंय रं?" तिनं त्या तरुणाला विचारलं.

"सहाला, मावशी."

"मग बसलास काय? ऊठ की." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येला पाठवा, पावणं. मी उतरते. माझं काय अडलंय मुंबईत."

बोर्डिंग कार्ड तिनं माझ्या हातात ठेवलंसुद्धा. खोलीतली सगळी माणसं एकदम सैल झाली. वर्तमानपत्रवाल्यानं उठून तिला नमस्कार केला. तो तरुण तिच्या पायाशी वाकला आणि पळत विमानाकडे गेला. विमान उडालं, लहान होत होत दिसेनासं झालं, आणि मी तिला आत बोलावून कूपन लिहून दिलं.

"ह्ये काय आणि?"

मी समजावून सांगितलं.

तिनं कूपन उलटंपालटं करून पाहिलं. "म्हंजे दळणाऱ्याला दळणावळ, धुणाऱ्याला धुणावळ, तशी ही उतरणावळ म्हण की."

कंपनीच्या इंग्रजी परिपत्रकात त्या कूपनाला दीड ओळीचं नाव होतं. त्या दिवसापासून आमच्या स्टेशनवर ते कुणी वापरलं नाही. पुढे पुढे तर केरळचे कॅप्टनसाहेबही मला विचारायचे, "सिकंदर, आज उतरणावळ किती?"

त्या बाईला सगळे आक्का म्हणत. राजारामपुरीत तिची खाणावळ होती. कॉलेजची मुलं जेवायला असायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. चुलीपुढे उभं आयुष्य काढलं, आता एकदा विमानात बसायचं असं तिनं चारचौघींत बोलून दाखवलं होतं आणि तिकीट काढून मोकळी झाली होती. ते तिकीट अजून तिच्याकडे तसंच होतं आणि वर एक कूपन.

महिन्यानं ती पुन्हा आली. पुन्हा शनिवार, पुन्हा तोच डबा. त्या दिवशी दोन माणसं जास्त होती. मी उभा राहून वाक्य सुरू केलं, ते पुरं व्हायच्या आत आक्काचा हात वर. तिचा हात बघून एका व्यापाऱ्यानंही हात वर केला. पाच मिनिटांत काम फत्ते. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा.

मग माझ्या लक्षात आलं की आक्का शुक्रवारी गावातल्या ऑफिसात जाते आणि विचारते, "उद्याचं इमान भरलंय का?" भरलंय म्हटलं तरच शनिवारची जागा मागते. मोकळं असलं तर म्हणते, "ऱ्हाऊ दे मग, फुडच्या बारीला बघू." मला तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. एका तिकिटावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. कोल्हापुरात एवढे हिशेबी व्यापारी, पण ही युक्ती कुणाला सुचली नव्हती.

"आक्का," तिसऱ्या कूपनाच्या वेळी मी विचारलं, "एवढी कूपनं घेऊन काय करणार?"

डबा उघडून तिनं माझ्यापुढे केला. आत भाकरी आणि खरडा. "माझ्याकडं भाकरी थापाय सात बायका हाईत. सकाळधरनं धुरात असत्यात. एकटी वर जाऊन आले तर सांगू कुणाला? त्या म्हणतील, आक्का थापा मारतीया. सगळ्याच जाऊ की."

त्या दिवसापासून मी या कामात गुंतलो, हे कबूल करतो. नियम कुठंही मोडला नाही. जागा जास्त भरल्याशिवाय कुणाला उतरवलं नाही, विचारल्याशिवाय आक्काला कूपन दिलं नाही. पण शनिवारी सकाळी यादीत अठराच्या वर नावं दिसली की मी कूपनांचं पुस्तक आधीच काढून ठेवायचो. चौथं कूपन झालं. पाचवं झालं. बंडूनं काउंटरच्या आतल्या फळीवर खडूनं रेघा मारल्या होत्या. सहाव्या वेळी विमान भरलेलं होतं, पण दोन माणसं आलीच नाहीत. कुणाला उतरवण्याची गरज उरली नाही. आता आक्काला जावं लागणार. मी बोर्डिंग कार्ड पुढे केलं तर ती म्हणाली, "आज न्हाय जमायचं. दूध उतू गेलतं सकाळी, सगळं तसंच टाकून आले." आणि रिक्षानं परत गेली. कूपन न घेता, तिकीट पुढं ढकलून. मला वाटलं, सात पुरी झाल्याशिवाय ही जात नाही. जिद्द बघा म्हटलं.

पुढे सहावं कूपन झालं, आणि सातवं एप्रिलमध्ये. बंडूनं सातवी रेघ ओढली आणि आम्ही तिघं उभ्यानं चहा प्यालो.

त्यानंतर दहाएक दिवसांनी मुंबईहून पत्र आलं. कोल्हापूरची सेवा मे अखेर बंद. ज्यांच्याकडे कूपनं असतील त्यांनी त्याआधी वापरावीत. नंतर ती रद्द.

मी सायकल काढली आणि तडक राजारामपुरी गाठली. खाणावळीच्या मागच्या खोलीत सातही जणी ओळीनं बसून भाकरी थापत होत्या. मी बातमी सांगितली तसे सात जणींचे हात एकदम थांबले. परातीवरचा तो आवाज बंद झाला आणि चुलीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं.

"म्हंजे आता न्हाय व्हायचं?" त्यांतली म्हातारी सुंद्रामावशी म्हणाली. तिनं आयुष्यात पंढरपूरच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं.

"होईल," मी म्हणालो. "पण याच महिन्यात. एकाच विमानात आठ जागा मिळायला हव्यात."

सगळ्या आक्काकडे बघू लागल्या. आक्का भाकरी भाजत होती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिनं उलटली नाही. मग म्हणाली, "काढ आठ जागा."

राहिलेल्या विमानांत आठ जागा एकत्र मिळाल्या त्या एकाच दिवशी, शेवटून दुसऱ्या शनिवारी. मी आठही नावं स्वतःच्या हातानं यादीत लिहिली.

नेमके त्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या ऑफिसातले दिघेसाहेब आले. स्टेशन गुंडाळायचं म्हणून सगळी कागदपत्रं तपासायला. आमचे मॅनेजर नव्या जागी हजर व्हायला गेले होते. समोर मी एकटाच. साहेबांनी कूपनांचं पुस्तक चाळलं आणि एका जागी बोट ठेवलं.

"ही बाई तुझी कोण?"

"कुणी नाही, साहेब."

"कुणी नाही, आणि सात कूपनं?"

"सातही वेळा विमान जास्त भरलं होतं, साहेब. याद्या लावलेल्या आहेत."

ते मान वर न करता म्हणाले, "सिकंदर, तुला कायम करण्याचं पत्र माझ्या बॅगेत आहे. फक्त सही राहिलीय. उद्याच्या विमानानं मी परत जातोय. तोपर्यंत विचार कर, हे मला कसं समजावून सांगायचं."

मी तोवर हंगामी कामगार होतो. घरी वडिलांचे डोळे गेले होते, मशीन बंद होतं, दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. 

शनिवारी सकाळी नऊ वाजताच एक टेंपो विमानतळाच्या दारात येऊन उभा राहिला. विमान साडेबाराचं. टेंपोतून आठ जणी उतरल्या. नवी लुगडी, डोक्यात अबोलीचे गजरे, आणि सामान. सामान बघून बंडूनं डोक्याला हात लावला. साठ-सत्तर भाकऱ्यांचं गाठोडं, झुणका, ताकाची चरवी आणि पाण्यानं भरलेली तांब्याची कळशी.

"कळशी कशाला?" मी विचारलं.

"मुंबईचं पाणी सोसत न्हाय म्हणत्यात," सुंद्रामावशी म्हणाली.

वजनं सुरू झाली. सुंद्रामावशी काट्यावर चढेचना. "गूळ तोलत्यात ह्येच्यावर. मी काय ढेप हाय?" शेवटी आक्कानं तिचा हात धरून तिला चढवलं. मग बाकीच्या चढल्या. एक एक जण उतरताना दुसरीला विचारत होती, तुझं किती भरलं, आणि मी सांगत नव्हतो. सगळ्या हसत होत्या. आक्का तेवढी हसत नव्हती. ती कोपऱ्यातल्या आपल्या नेहमीच्या बाकड्यावर जाऊन बसली.

त्या आठ जणी, दुसरे आठ प्रवासी आणि जाण्यासाठी तयार दिघेसाहेब. सतरा.

विमान उतरलं. कॅप्टन टोपीनं वारा घेत आत आले. मी पुढे केलेला वजनांचा कागद त्यांनी वाचला, बाहेर जाऊन वारा पाहिला, पुन्हा कागद वाचला. वारा अजिबात नव्हता. बाहेर धावपट्टीवरची हवा नुसती थरथरत होती.

"सामान कमी कर," ते म्हणाले.

कळशी उतरली. ताक उतरलं. ताक प्रवाशांनीच पिऊन टाकलं. भाकऱ्यांचं गाठोडं बंडूच्या ताब्यात गेलं. सुंद्रामावशीनं त्याला वरून सांगितलं की झुणका आज संपव, उद्या आंबंल. मी नवा आकडा काढून दिला. कॅप्टननी मान हलवली. "अजून एक माणूस जास्त आहे. सोळाच नेईन. ऊन चढतंय, दहा मिनिटांत सांग."

त्या खोलीत मी शंभरदा तरी तो प्रश्न विचारला असेल. त्या दिवशीही उभा राहिलो. मी भिंतीकडे बघितलं. "एका जागेची अडचण आहे. आपखुशीनं कुणी राहणार असेल तर—"

शांतता.

कूपन आता कुणाला नको होतं. सेवाच बंद होणार होती, त्या कागदाचा उपयोग काय? एका जोडप्याचा मुलगा मुंबईत दवाखान्यात होता. एक म्हातारे गृहस्थ लेकीकडे कायमचे निघाले होते. बाकीच्यांनी मान खाली घातली. आणि माझी नजर, भिंतीवर ठेवायची ती नजर, आपोआप कोपऱ्यात गेली. आक्का जमिनीकडे बघत बसली होती. दोन्ही हात मांडीत घट्ट दाबलेले. तिनं वर पाहिलं नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, शाब्बास, आज हटू नकोस.

दिघेसाहेब माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "त्या कूपनवाल्यांतली एक उतरव. फुकट जाणाऱ्या आहेत."

ते हलक्या आवाजात बोलले, पण खोली शांत होती. सातही जणींनी ऐकलं. सुंद्रामावशी उठून उभी राहिली. "मी ऱ्हाते, बाबा. माझं वय झालंय. ह्या पोरी जाऊ देत."

"तू बस गं मावशे," आक्का जमिनीकडे बघतच म्हणाली. आवाज कापत होता.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. मावशी आपखुशीनं उतरत होती. मी कार्ड परत घेतलं असतं तर कुणी मला दोष दिला नसता, माझ्या पत्रावर सही झाली असती, विमान वेळेवर सुटलं असतं. पण आपखुशी कशाला म्हणायचं हे मला चांगलं माहीत होतं. मी त्याचाच पगार घेत होतो. फुकट जाणारी म्हणून ऐकवल्यावर जी उठते ती खुशीनं उठलेली नसते.

आणि नियमही माहीत होता. कूपनाची जागा पक्की जागा असते. कंपनीच्या माणसाला जो पास मिळतो तो, जागा उरली तर.

"साहेब," मी म्हणालो.  "नियमाप्रमाणे आधी स्टाफ पास उतरतो."

दिघेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा कुरकुरत होता. कॅप्टन दारात उभे होते; त्यांनी घड्याळाकडे बघितलं आणि साहेबांकडे बघितलं.

"तू मला उतरवतोयस?"

"होय, साहेब."

"लेखी देशील?"

मी पुस्तक ओढलं आणि लिहिलं. विमान क्रमांक, वजनाची मर्यादा, पासधारक प्रवासी जागेअभावी उतरवला. खाली सही.  साहेबांनी कागद घेतला, वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि आपली बॅग काट्यावरून उचलून बाजूला ठेवली. त्या बॅगेत माझं पत्र होतं.

"चला," कॅप्टन म्हणाले.

आठ जणी एकमेकींचा पदर धरून ओळीनं उन्हात निघाल्या. सगळ्यांत शेवटी आक्का. शिडीशी ती थांबली. मी मागून म्हणालो, "आक्का, चढा." ती चढली. दार लागलं. विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं, जोरानं धावत आलं, आमच्यासमोरून गेलं तरी चाकं जमिनीवरच. बंडूनं माझं मनगट धरलं. कुंपण जवळ आलं, अजून जवळ आलं, आणि चाकं सुटली. विमान वर गेलं, डावीकडे कललं आणि पंचगंगेच्या दिशेनं गेलं.  शेजारी बघतो तर दिघेसाहेबही डोळ्यांवर हात धरून बघत होते.

साहेब संध्याकाळच्या एसटीनं मुंबईला गेले. जाण्याआधी बंडूनं पुढे केलेली झुणका-भाकर त्यांनी खाल्ली, दोनदा मागून घेतली. पण पत्राबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुढे जेव्हा माझी फाइल मला पाहायला मिळाली, तेव्हा तीत दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते. एका कागदावर सात कूपनं एकाच नावावर दिल्याबद्दल ताकीद, दुसऱ्यावर नियम काटेकोर पाळल्याबद्दल शेरा. दोन्हींवर सही दिघेसाहेबांचीच. मला कायम व्हायला आणखी दोन वर्षं लागली, तेही परमुलखात. धाकट्या बहिणीचं लग्न त्यामुळे लांबलं. त्याची खंत आजही आहे. स्टाफ पासचं ते वाक्य बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं मात्र कधी वाटलं नाही.

बायका रेल्वेनं परत आल्या. बुधवारी दुपारी मी आणि बंडू जुन्या याद्यांचे गठ्ठे बांधत होतो तेव्हा आक्का आली. समुद्राबद्दल थोडं बोलली, मुंबईबद्दल त्याहून थोडं. सुंद्रामावशी सबंध वेळ खिडकीला नाक लावून होती आणि ऊस कुठला, नदी कुठली ते सगळ्यांना ओरडून सांगत होती, एवढं सांगताना मात्र तिचा चेहरा फुलला.

"आक्का, तुम्ही त्या दिवशी हात वर केला नाही ते बरं केलंत," मी म्हणालो. "सात वेळा दुसऱ्यांसाठी उतरलात. एकदा तरी स्वतःसाठी बसून राहायलाच हवं होतं."

ती बाकड्यावर बसली.

"तुला एक सांगू, सिकंदर? बंड्या, तू बी ऐक, पर भाईर सांगू नगस. मी कुणासाठी उतरले न्हाय."

आम्ही दोघं हातातलं काम टाकून उभे राहिलो.

"भ्यालते. तिकीट काढलं ते चार जणींत बोलून गेले म्हणून. हिथं आले, ते धूड बघितलं आणि पाय गार पडले. आता परत कशी जाऊ, काय सांगू, म्हणून बसलेवते, तवर तो जहाजवाला आला. सुटले म्हटलं. समदी पाया पडाय लागली, तूही कागद दिलास. मग काय, दर टायमाला वाटायचं, आज जायाचंच. आणि तू तोंड उघडलंस की हात वर. भरलेलंच इमान बघून यायची ती त्येच्यासाठीच. एकदा न्हाई का, माणसं आलीच न्हाईत? दूध उतू गेलतं म्हणाले. कुठलं दूध."

"आणि सात बायका?"

"त्या असल्या म्हंजे पळता येणार न्हाय. म्हणून घातला त्यो घाट." ती हसली. "तरी परवा तू इचारलंस तवा उजवा हात निघालाच हुता वर. डाव्यानं दाबून धरला."

बंडूनं खाली मान घातली.  इतकी वर्षं माणसं ओळखण्याचा मला गर्व होता, आणि समोरच्या बाकड्यावर बसलेलं एवढं मोठं भय मला एकदाही दिसलं नव्हतं.

"मग वर गेल्यावर?" मी विचारलं. "वर किती भीती वाटली?"

"वर?" आक्का म्हणाली. "वर न्हाय रं वाटली. समदी हिथंच हुती, ह्या बाकड्यावर."

ती उठली, पदर सारखा केला आणि रस्त्याकडे चालू लागली. रात्रीला चाळीस पोरं जेवायला होती.